दोबिन्यीची बाग

व्हिन्सेंट व्हॅन गॉगने जुलै 1890मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या महिन्यात, फ्रान्समधील ओव्हेर-स्यूर-वाझ या गावी रंगवलेले तैलचित्र. बाग शार्ल-फ्रान्स्वा दोबिन्यी (1817–1878) या निसर्गचित्रकाराची. नावेतच चित्रशाळा थाटून नदीकाठ रंगवणाऱ्या दोबिन्यीबद्दल व्हॅन गॉगला तरुणपणापासून ओढ होती. ओव्हेरला आल्यापासून हे चित्र त्याच्या मनात घोळत होते.

पहिला छोटा अभ्यास त्याने चक्क पुसण्याच्या फडक्यावर केला. तो ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. पुढच्या दोन आवृत्त्या उंचीच्या दुप्पट रुंद. मध्यभागी गुलाबांचा वाफा, मागे निळसर छपराचे गुलाबी घर, तीन खुर्च्या आणि काळ्या पोशाखातली एक स्त्री. ती दोबिन्यीची विधवा मानली जाते. समोरून काळे मांजर लगबगीने निघाले आहे. या दोन आवृत्त्यांपैकी आज हिरोशिमात असलेल्या आवृत्तीत मात्र ते रंगाखाली झाकले गेले आहे.

मृत्यूच्या छायेतले चित्र म्हणून याकडे पाहण्याचा मोह होतो. पण रंग प्रसन्न आहेत. 23 जुलैला भाऊ थिओला धाडलेल्या पत्रात व्हॅन गॉगने याचे रेखाटन जोडले आणि हे आपल्या सर्वांत विचारपूर्वक केलेल्या चित्रांपैकी एक असल्याचे कळवले. 29 जुलैला तो वारला.