परळची चिठ्ठी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात 'नर्सिंग होम' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे वृद्धाश्रम येत नाही. तो अर्थ विलायतेत. इथे नर्सिंग होम म्हणजे खाली ओपीडी, वर दहा-पंधरा खाटा आणि जमलं तर त्याच्याही वर डॉक्टरांचं बिऱ्हाड. सरकारी मराठीत त्याला 'शुश्रूषागृह' असं भारदस्त नाव आहे. 1949 च्या नोंदणी कायद्याने बाळंतपणाचे दवाखानेही त्यातच घेतले; पण शब्द कागदावरच राहिला.

रत्नदुर्गाच्या आडोशाच्या या बंदरात खलाशाचा हात विंचमध्ये सापडला, तर धाव आधी गावातल्या नर्सिंग होमकडे, नाहीतर सरकारी 'सिव्हिल' रुग्णालयाकडे. त्यापलीकडचं काम निघालं की चिठ्ठी. चिठ्ठी कुणाला? तर मुंबईत ज्यांच्या हाताखाली डॉक्टर शिकले, त्या सरांना.

या चिठ्ठीचं मूळ मुंबईच्या परळला सापडतं. इंग्रजी अमलात जे. जे. रुग्णालय आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या वरच्या जागा बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. भारतीय डॉक्टर कितीही निष्णात असो, तो बाहेरच. म्हणून शेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी कॉलेजसाठी देणगी देताना अट घातली: शिकवणारे भारतीय हवेत आणि सरकारी नोकरीतले नकोत. 1926 मध्ये परळला त्यांच्या नावाचं जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय उभं राहिलं. पहिले डीन डॉ. जीवराज मेहता. सरकारी नोकर नकोत म्हटल्यावर उरले ते शहरात स्वतंत्र प्रॅक्टिस करणारे. तेच 'ऑनररी', म्हणजे मानद डॉक्टर झाले. सकाळी वॉर्डात राउंड आणि विद्यार्थी, दुपारनंतर स्वतःचं कन्सल्टिंग किंवा नर्सिंग होम. शिकवणारं रुग्णालय आणि खासगी दवाखाना यांची भागीदारी अशी एकाच माणसाच्या दिनक्रमात झाली; करारनामा कुणी केला नाही.

जे. जे.तही पुढे भारतीय नावं मोठी झाली. गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर ग्रँटमध्ये शिकवत आणि खासगी रुग्णही पाहत. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या तोंडाला घालायचा त्यांचा टाका 1955 पासून जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या पद्धतीचं कौतुक करताना तिची खोट झाकू नये. ज्याने संध्याकाळी फी मोजली, त्याला सकाळी खाट लवकर मिळते, अशी तक्रार ऑनररींच्या काळात नेहमीची होती आणि ती निराधार नव्हती. कोकणातल्या माणसाकडे मात्र फीऐवजी चिठ्ठी होती, शिवाय परळच्या चाळीत राहून गिरणीत राबणारा कुणी मामा-काका. पावसाळ्यात मुंबईची आगबोट बंद असायची, म्हणजे रुग्णाला घाटवाटेने न्यायचं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली ती थेट 1998 मध्ये. दरम्यान मिरजेला 1962 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, नंतर कोल्हापूरलाही. तेव्हा पुष्कळ चिठ्ठ्या मुंबईऐवजी तिकडे जाणारा आंबा घाट चढू लागल्या.

रत्नागिरीला स्वतःचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2023 मध्ये मिळालं, एमबीबीएसच्या 100 जागांचं, तेही जुन्या सिव्हिलला जोडून. मिरकरवाड्यातून तिथे रिक्षाने जाता येतं. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षाची इंटर्नशिप धरली तर पहिली तुकडी 2029 च्या सुमारास बाहेर पडेल. तोवर अवघड केसला आंबा घाट आहेच.