राजस्थान केसरी
वर्ध्याहून १९२० मध्ये निघालेले हिंदी साप्ताहिक. संपादक विजयसिंह पथिक. आर्थिक पाठबळ जमनालाल बजाज यांचे. कापसाच्या व्यापारासाठी वर्धा, अकोला, अमरावतीत स्थिरावलेल्या मारवाडी पेढ्यांवरच्या वह्या मात्रा गाळलेल्या मुडिया लिपीत लिहिल्या जात. त्यांच्या राजस्थानातल्या मुलखाची बातमी मात्र या पत्राने देवनागरीत आणली. मेवाडातील बिजोलियाच्या शेतकऱ्यांवर ८४ प्रकारच्या लागबागा (जहागिरीचे कर-उपकर) होत्या, शिवाय वेठबिगार. ही गाऱ्हाणी संस्थानात छापणे अशक्य; ती ब्रिटिश अमलातल्या वर्ध्यात छापता आली, हेच या पत्राचे खरे मोल. पथिक अजमेरला गेले; तेथून १९२२ मध्ये ‘नवीन राजस्थान’ निघाले. वऱ्हाडात मारवाडी घराण्यातल्याच ब्रिजलाल बियाणींनी अकोल्यातून ‘मातृभूमि’ काढले, ते मराठीत.