जुन्या अमेरिकी मोटारींची दुरुस्ती व फेरबदल (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील जुन्या अमेरिकी मोटारी मुख्यतः मालक व स्थानिक कारागीर यांनी स्वतः केलेल्या दुरुस्तीमुळे टिकून आहेत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. पुढे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने १९४७ पासून कुर्ला येथे डॉज, प्लायमाउथ व डिसोटो मोटारी जोडल्या.

आयातीवरील निर्बंधांमुळे मूळ सुटे भाग दुर्मीळ झाले. तेव्हा चोरबाजारातील जुने भाग, लेथवर घडवलेले बुश आणि शीट कापून हाताने केलेली गॅस्केटे यांवर काम भागवले जाई. ६ व्होल्टची विद्युतयंत्रणा १२ व्होल्टची करणे हा त्यांतील सोपा फेरबदल; त्यात बॅटरीबरोबर दिवे व डायनॅमोही बदलावे लागतात. पेट्रोल महागल्यावर काही मोटारींत मूळ सहा सिलिंडरच्या इंजिनाऐवजी डिझेल इंजिन बसवण्यात आले. त्यामुळे मोटारी भंगारात जाण्यापासून वाचल्या, हे मान्य करावेच लागेल. मात्र २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होण्यासाठी तिची चेसिस, बॉडी व इंजिन यांत फेरबदल झालेला नसावा लागतो. डिझेल इंजिनाची डॉज या व्याख्येत बसत नाही.