मधुमेह, मूत्रपिंडविकार आणि गरोदरपण : रक्तातील मेद काय सांगतो?

गरोदरपणात रक्तातील मेद वाढणे स्वाभाविक आहे. मात्र मातेला आधीपासून मधुमेह असेल आणि त्याने मूत्रपिंडांनाही इजा केली असेल, तर या वाढीकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषक तालुके ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नवा पांढुर्णा जिल्हा झाला. तरीही विशेष उपचारांसाठी येथील रुग्ण बहुधा नागपूरची वाट धरतात. म्हणूनच धोका गावपातळीवर वेळीच ओळखला जाणे महत्त्वाचे ठरते.

स्वाभाविक वाढ

इस्ट्रोजेनच्या प्रभावाने यकृत अधिक मेद रक्तात सोडते. अखेरच्या तिमाहीत ट्रायग्लिसराइडचे प्रमाण दुप्पट ते चौपट होऊ शकते. कोलेस्टेरॉल साधारण २५ ते ५० टक्क्यांनी वाढते. मातेचे शरीर मेदावर चालते आणि ग्लुकोज गर्भासाठी राखले जाते. प्रसूतीनंतर ही वाढ हळूहळू ओसरते.

दोन विकार एकत्र आल्यास

मधुमेहात इन्सुलिनचा प्रभाव अपुरा पडल्याने ट्रायग्लिसराइड आणखी वाढते आणि हितकारक एचडीएल घटते. मूत्रपिंडाची चाळणी झिजली की अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे जाते. गळती मोठी असल्यास यकृत ती भरून काढू पाहते आणि त्यासोबत मेदवाहक कणही अधिक तयार करते. त्यामुळे एलडीएल चढते. अशा मातांमध्ये प्रीएक्लॅम्पसिया, अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि गर्भाची वाढ खुंटणे यांचा धोका अधिक असतो. ट्रायग्लिसराइड १००० मिलिग्रॅमपुढे गेल्यास स्वादुपिंडाला जीवघेणी सूज येऊ शकते.

तपासणी

नोंदणीच्या वेळी आणि २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी रक्तशर्करा मोजतात. १४० मिलिग्रॅम वा अधिक असल्यास गर्भकालीन मधुमेह मानला जातो. आधीपासून मधुमेह असलेल्या मातेची लघवीतील अल्ब्युमिन, क्रिएटिनिन आणि रक्तदाब यांची तपासणी आरंभीच व्हावी. गरोदरपणात क्रिएटिनिन एरवी खाली येते. म्हणून एरवी सामान्य वाटणारा आकडाही येथे फसवा ठरू शकतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत मोफत तपासणी होते.

औषध आणि आहार

मेद कमी करणारी स्टॅटिन औषधे गरोदरपणात बहुतेकींना थांबवावी लागतात. रक्तदाबाची ‘प्रिल’ व ‘सार्टन’ वर्गातील औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना अपाय करतात. त्यामुळे दिवस राहण्यापूर्वीच, निदान ते कळताच, डॉक्टरांकडून औषधे बदलून घ्यावीत. प्रीएक्लॅम्पसिया टाळण्यासाठी अल्प मात्रेतील ॲस्पिरिनही १२ आठवड्यांनंतर त्यांच्याच सल्ल्याने घ्यावे.

मेद वाढला म्हणून उपाशी राहणे घातक ठरते. तेल-तूप बेताचे ठेवावे. संत्र्याच्या रसाने साखर झपाट्याने चढते, म्हणून अख्खे फळ बरे. परंतु रक्तातील पोटॅशियम वाढलेले असल्यास त्यालाही मर्यादा येते.

चेहऱ्यावर सूज, तीव्र डोकेदुखी, अंधुक दिसणे किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ जाणवल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.