केबल (निटर)
'आर' या संख्याशास्त्रीय संगणकभाषेतील निटर या पॅकेजमधले, अहवालात तक्ता मांडून देणारे फंक्शन. यीहुई शे यांनी निटर २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यामागे फ्रीड्रिख लाइश यांच्या स्वीव्ह (२००२) या साधनाची परंपरा आहे. निटरमध्ये अहवालाचा मजकूर आणि आज्ञावली एकाच फाइलीत असतात. त्यामुळे आकडेवारी बदलली की अहवाल पुन्हा चालवायचा. तक्ता आपोआप नवा होतो. हाताने आकडे उतरवताना होणाऱ्या चुका टळतात, हा याचा सर्वांत मोठा उपकार. केबल तक्ता मार्कडाउन, लाटेक किंवा एचटीएमएल रूपात देते. दशांशस्थळे, स्तंभांची नावे, मथळा आणि स्तंभातील मजकुराची डावी-उजवी मांडणी ठरवता येते. एकत्रित स्तंभशीर्षे, रंगीत ओळी किंवा तळटिपा हव्या असल्यास केबलएक्स्ट्रा हे वेगळे पॅकेज जोडावे लागते.