धावत्या समालोचनात धावतो कोण?

क्रिकेटच्या ‘धावत्या समालोचना’त धावतं कोण? कोणी म्हणेल फलंदाज, कोणी म्हणेल समालोचकाची जीभ. उत्तरं गोड आहेत, पण चुकीची.

‘धावतं समालोचन’ हे ‘रनिंग कॉमेंट्री’चं सरळ भाषांतर. पण इंग्रजीतला तो शब्द मुळात मैदानावरचा नाहीच. रेडिओच्या कितीतरी आधी तो ग्रंथांसाठी रूढ होता: मूळ संहितेला ओळीओळीने बिलगून अखंड चालणारी टीका. मराठीत मात्र ‘धावती भेट’, ‘धावता आढावा’ म्हटलं की वरवरचं, घाईचं. शब्द आत आला, अर्थ वेशीवरच राहिला. कोणी मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ कादंबरीचा दाखला देईल, मागावरचा धोटा न थांबता धावतोच की! मान्य. पण धोटा यंत्राचा. बोलणं ‘धावतं’ झालं की मराठी माणसाला ते उथळच वाटतं.

जुना अर्थ धरला, तर अशा समालोचनाचं पीठ अहिल्यानगर जिल्ह्यात सापडतं, नेवाशात. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी तिथे गीतेच्या 700 श्लोकांवर तोंडी टीका सांगितली. सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. आणि मूळ गीता तरी काय? रणांगण न दिसणाऱ्या धृतराष्ट्राला संजयाने ऐकवलेला वृत्तान्त!

रेडिओने संजय उचलला. 5 ऑगस्ट 1921 रोजी पिट्सबर्गहून हॅरॉल्ड आर्लिनने बेसबॉलचा सामना ऐकवला. पुढे काही अमेरिकी निवेदक मैदानावर जातही नसत. तारेने आलेल्या त्रोटक नोंदींवरून स्टुडिओत बसून सामना रंगवत. रोनाल्ड रेगन त्यांतलेच. आपल्याकडे क्रिकेटचे संजय म्हणजे मुंबईत तल्यारखान, मग आकाशवाणीवर मराठीतून बाळ ज. पंडित, स्वतः रणजी खेळलेले.

दूरचित्रवाणीने संजयाचं काम काढून घेतलं. नेवाशाच्या शेजारच्या श्रीरामपूरचा झहीर खानच घ्या: चकाकती बाजू फलंदाजाला दिसू नये म्हणून तो धावत येताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकायचा. रेडिओवर ‘त्रिफळा उडाला’ म्हटलं की भागायचं. पडद्यावर त्रिफळा सगळ्यांनाच दिसतो. सांगायचं उरतं ते झाकल्या चेंडूची चकाकती बाजू कुठे होती ते. संहिता श्रोत्यापुढे उघडी, समालोचकाकडे फक्त अर्थ. म्हणजे पुन्हा नेवासेच!

2023 मध्ये जिओसिनेमाने आयपीएल मोबाइलवर मराठीतूनही ऐकवलं. समालोचकांत केदार जाधव होता. हंगामाच्या मध्यातच बंगळुरूच्या संघाने बोलावलं, तसा माइक ठेवून तो खेळायला गेला. निदान एक समालोचक तरी खरोखरच धावला.