गुलाबी बोंडअळीचे जनुकीय चिन्हक

गुलाबी बोंडअळीचे जनुकीय चिन्हक म्हणजे या किडीच्या डीएनएमधील असे भाग, ज्यांतील फरकांवरून निरनिराळ्या प्रदेशांतील किडींचे परस्परनाते ओळखता येते. जनुकीय चिन्हकांना मार्कर असेही म्हणतात. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला हे शास्त्रीय नाव असलेल्या या पतंगाची अळी कापसाच्या बोंडात शिरून सरकी खाते. त्यामुळे उत्पादन व रुईची प्रत दोन्ही घटतात.

पार्श्वभूमी

भारतात २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली. गुजरातमधील गुलाबी बोंडअळीत क्राय१एसी या प्रथिनाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण झाल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. २०१७ च्या हंगामात विदर्भ व मराठवाड्यात या किडीचा मोठा प्रादुर्भाव झाला. बीड जिल्ह्यातील सिरसाळ्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या गावांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न असा, की प्रतिकारक्षम अळी तेथेच निर्माण होते की अन्यत्रून येते. पतंग पाहून हे ठरवता येत नाही. त्यासाठी चिन्हक लागतात.

प्रकार व विकसन

मायटोकॉन्ड्रियातील सीओआय जनुक केवळ मातेकडून संततीकडे जातो, म्हणून त्यावरून मातृवंशाचा माग काढता येतो. मायक्रोसॅटेलाइट हे डीएनएमधील पुनरावृत्त होणारे लहान तुकडे असून ते माता व पिता या दोघांकडून येतात. हे चिन्हक तयार करताना प्रथम पुनरावृत्तीचे तुकडे शोधतात, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या क्रमांना जुळणारे प्रायमर बनवतात आणि अनेक ठिकाणच्या नमुन्यांवर त्यांची चाचणी घेतात. पतंग व फुलपाखरांच्या गणात हे काम विशेष अवघड असते. त्यांच्यात एकसारखे बाजूचे क्रम जनुकसंचात अनेक ठिकाणी आढळतात, त्यामुळे नेमका एकच तुकडा वेगळा काढता येत नाही व बरेच चिन्हक बाद ठरतात.

निष्कर्ष

नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सीओआय-आधारित अभ्यासात भारतातील या किडीच्या समूहांमध्ये जनुकीय फरक अल्प असल्याचे आणि त्यांची संख्या विस्तारल्याचे संकेत मिळाले. तत्पूर्वी २०१४ मधील एका अभ्यासात भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांच्या कॅडहेरिन जनुकात गंभीर बिघाड असलेली आठ नवी रूपे आढळली होती. त्यामुळे एकाच उत्परिवर्तनाची चाचणी प्रतिकार ओळखण्यास अपुरी पडते.

महत्त्व

समूहांमधील अल्प फरक हा पतंगांच्या सततच्या देवाणघेवाणीचा किंवा अलीकडील प्रसाराचा परिणाम असू शकतो. या दोन शक्यता वेगळ्या करण्यास एक जनुक पुरेसा नसतो. त्यासाठी संपूर्ण जनुकसंचात विखुरलेले अनेक चिन्हक तपासावे लागतात. देवाणघेवाण मोठी असल्यास एकाच गावाने फरदड टाळणे पुरेसे ठरत नाही. हंगाम वेळेवर संपवणे, पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावणे व कामगंध सापळ्यांद्वारे पाहणी करणे ही कामे संपूर्ण परिसरात एकाच वेळी करावी लागतात.